तळ्यापर्यंतचं वेळापत्रक

१ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ७.

ऑफिसने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. नऊ महिने कोरे. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मी म्हणतो, उलट बरंच झालं. वर्षाची खरी सुरुवात शरदातच होते. हवा स्वच्छ, डोकं हलकं, झाडं जुनं सगळं टाकून मोकळी होतात. आपणही टाकावं. विशेषतः पोट.

निमित्त ही. सकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "यंदा पानं गळून जायच्या आत एकदा माझ्याबरोबर तळ्यापर्यंत चालत या. नाही जमलं तर राहू दे. पुढे मी विचारणार नाही."

रागावली-बिगावली नव्हती. हातातली ताटली पुसून झाली, तिने दुसरी घेतली.

तळं शहराच्या टोकाला. घरापासून चालत पाऊण तास. काठाने दोन्ही बाजूंना झाडं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी ती सगळी लाल-पिवळी होतात म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी पाहिलेली नाहीत. ही अकरा वर्षं दर शरदात विचारते आणि दर वर्षी माझी काही ना काही रास्त अडचण निघते. एकदा गुडघा. एकदा हिवाळी वेळापत्रक. एकदा दुसरा गुडघा.

मी म्हणालो, एकदा काय, रोज येतो. ती म्हणाली, एकदा पुरे. हिचं हे असंच, विचार कायम छोटा.

उद्यापासून. ६.३० शार्प.

२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८.१५.

गजर वेळेवर वाजला. बंद केला. झोपलो नाही, पडून विचार करत होतो. सव्वीस वर्षं मी शहराच्या बससेवेत वेळापत्रक विभागात आहे. माझ्या रेघेशिवाय एक बस डेपोबाहेर पडत नाही. असा माणूस काही प्लॅनिंग न करता उठला आणि चालायला लागला, तर ते शोभेल का? नाही शोभणार.

संध्याकाळी. ऑफिसातून आलेखाचा मोठा कागद आणला. आमच्याकडे आडवी वेळ, उभं अंतर, आणि बस म्हणजे तिरकी रेघ. आज आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची रेघ काढली. लाल शाईने, चाळीस दिवसांची. शेवटच्या आठवड्यात ती इतकी चढी आहे की नुसती काढतानाच धाप लागली. फ्रिजवर लावली.

हिने दूध काढताना पाहिली. विचारलं, यात मी कुठे आहे. म्हटलं, तू प्रवासी.

३ ऑक्टोबर, गुरुवार.

आज निघालोच होतो, पण बुटांकडे लक्ष गेलं. असल्या बुटांनी चालणं म्हणजे पायांवर अन्याय. संध्याकाळी दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, रोज किती चालता. आठ किलोमीटर, म्हणालो. चाळीस दिवसांनी तेवढेच होणार आहेत, त्यामुळे हे खोटं नव्हे. बाईंनी माझे जुने बूट उलटे करून तळवे पाहिले आणि नवी जोडी आणायला आत गेल्या.

नवे बूट उत्तम. टाचेत हवेची पिशवी आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार.

बूट घरातच मुरवत आहे. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पावलं, परत चौदा. हिचं म्हणणं, बाहेर रस्ता आहे. तिला समजावलं, की पाय आणि बूट यांची ओळख होईपर्यंत रस्ता लागू द्यायचा नसतो. ती बरं म्हणाली. पिशवी उचलली आणि स्वतः रस्त्याने निघून गेली.

६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.

उठायला ८.१० झाले. आठवड्याभराच्या तयारीचा शीण असणार.

ही चालून परतली ती वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांबरोबर. हे गृहस्थ पाच वर्षांपूर्वी रिटायर झाले, वय बहात्तर, आणि दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन चालतात. गरज म्हणून नव्हे, स्टाइल म्हणून. गाल टोमॅटोसारखे. दारात उभे राहून मला ऐकवायला लागले, की शरदातल्या हवेने माणूस आतून नवा होतो. मी मंगळवारपासून हेच सांगतोय, तेही घरबसल्या.

७ ऑक्टोबर, सोमवार.

निर्णय: हिच्यासमोर सराव करायचा नाही. गुपचूप तयारी करायची आणि एक दिवस असं चालून दाखवायचं, की हिला धावत यावं लागेल. तोपर्यंत ती सकाळी जाते तेव्हा मी झोपलेला दिसणंच योग्य. म्हणजे झोपणं हाही प्लॅनचा भाग झाला.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सायं. ८.

चाललो! ऑफिसातून येताना दोन स्टॉप आधी उतरलो. पहिली तीनशे-साडेतीनशे मीटर झकास. मग डाव्या टाचेला फोड. उरलेलं अंतर पुढच्या बसने.

नोंद: ३४० मीटर. मनाने पूर्ण अंतर चाललो होतो, तेव्हा राउंड फिगर १ किमी.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते. सहज बोलता बोलता तो एक किलोमीटर दोन झाला आणि फोन ठेवेपर्यंत तीन. तिने विचारलं, "बाबा, आईबरोबर गेलास का?" म्हटलं, तुझ्या आईचा स्पीड अजून तेवढा नाही. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. नेटवर्क हल्ली फार वाईट.

१० ऑक्टोबर, गुरुवार.

फोडाला पट्टी. चालणं बंद. टाचेतल्या हवेच्या पिशवीबद्दल कंपनीला पत्र लिहिणार आहे.

त्यात ऑफिसात टाचणीने डोकं खाल्लं. टाचणी म्हणजे आमच्याकडे प्रवाशांच्या तक्रारी सांभाळणारी बाई. प्रत्येक कागदाला टाचणी लावते, बोलणंही त्याच जातीचं. आज मोठ्या चौकाची फाइल घेऊन आली. तिथे १४ नंबरमधून उतरून ३१ पकडायची असते. दोन स्टॉपमध्ये मी चार मिनिटं दिली आहेत. नऊ वर्षं देत आलोय. आणि नऊ वर्षं काही आळशी लोक लिहीत आले आहेत, की चार मिनिटांत पोचता येत नाही, ३१ डोळ्यांदेखत निघून जाते. नकाशावर हे अंतर बरोबर तीन सेंटिमीटर आहे. म्हणजे तीनशे मीटर. धडधाकट माणसाला चार मिनिटं म्हणजे चैन.

टाचणीने विचारलं, तुम्ही कधी चालून पाहिलंय का. म्हटलं, मग नकाशे कशाला छापतात? फाइल परत केली, शेरा मारून: 'प्रवाशांनी थोडे भराभर चालावे.'

१३ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी हिने दारातून विचारलं, आज येताय का. ऊन छान पडलंय.

फोड बरा होता. पण मूळ मुद्दा वेगळा. ऑफिसच्या खिडकीसमोरच्या झाडाकडे मी आठवडाभर लक्ष ठेवून आहे. शुक्रवारी मोजलं तेव्हा जेमतेम एकवीस टक्के पिवळं. अर्धवट पिकलेला शरद बघण्यात काय अर्थ? एकदाच जायचंय ना, तर ऐन भरात असताना जाऊ. तिला सगळं नीट समजावून सांगितलं. ती कोट घालून उभी होती, सात-आठ मिनिटं ऐकत राहिली. मग म्हणाली, ऊन जाईल, आणि गेली.

लोकांना पद्धतशीर विचार नको असतो, त्याला कोण काय करणार.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

निसर्गनिरीक्षण जोरात. झाडाचे दहा भाग पाडले आहेत, प्रत्येकातली पिवळी पानं रोज दुपारी मोजतो. आज एक्केचाळीस टक्के. सातव्या भागात असताना मागे साहेब येऊन उभे राहिले. ९ नंबरच्या सुधारित वेळापत्रकाचं काय झालं विचारलं. त्यांच्यामुळे सातवा भाग पुन्हा मोजावा लागला.

आकडे आलेखावर टाकले आणि रेघ पुढे वाढवली. शरदाचा परमोच्च दिवस: ३ नोव्हेंबर. योगायोगाने रविवार! निसर्गालाही शिस्त आहे, फक्त कुणीतरी नीट रेघ ओढावी लागते.

हिला तारीख सांगितली. कॅलेंडरवर तळ्याचं छोटं चित्रही काढलं. ते तिला बशी वाटलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. सायं. ७.३०.

ऑफिसातून लवकर सुटलो. पाय मोकळे करावेत म्हणून बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे बाकावर बसून हवेचा आस्वाद घेत होतो, तर समोरच्या फुटपाथने ही आणि दंतवैद्य. मी पेपर वर धरला. गुपचूप तयारीचं बिंग फुटायला नको म्हणून.

दंतवैद्य काहीतरी सांगत होते, काठीने हवेत दात उपटल्यासारखं करत. ही हसत होती. अगदी मान मागे टाकून. दोन्ही पावलं जागच्या जागी थांबली होती हसताना.

घरी ही अशी कधी हसली होती ते आठवायचा प्रयत्न केला. वाईट वाटलं. या वाटण्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

त्या काठ्या शास्त्रीयदृष्ट्या अनावश्यक आहेत हे मात्र मी कुणालाही सिद्ध करून देईन.

२० ऑक्टोबर, रविवार.

हिने पुन्हा विचारलं. मला तीनदा शिंक आली होती. दोन आठवड्यांवर मुख्य दिवस असताना धोका पत्करणं म्हणजे वेडेपणा. नाही म्हणालो. तिने उशाशी चहा ठेवला आणि गेली.

परतल्यावर माझ्या टेबलावर एक पान आणून ठेवलं. हाताच्या पंजाएवढं, लालभडक, मधली शीर पिवळी. खरोखर सुंदर. मी लगेच पेनाने कडेला तारीख घातली आणि '१०० टक्के (अपवादात्मक)' असं लिहिलं. मान वर केली तर ही बघत उभी होती. मग स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने पान पाहिलं तर शाईच्या जागी फाटलं होतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार.

काल खिडकीतून हिचं चालणं पाहिलं. डावा हात उजव्यापेक्षा जास्त हलवते. अशाने ऊर्जा वाया जाते. रात्रीच्या जेवणाला सांगितलं, खुर्चीतून उठून करूनही दाखवलं. तिने सूपचा चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि बरं म्हणाली.

आज सकाळी पाहिलं, तसाच हलवत गेली. सांगून उपयोग शून्य.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.

मुलीचा फोन. आज सूर वेगळा. म्हणाली, "बाबा, आईने यंदा शेवटचं विचारलंय. ती असं उगीच बोलत नाही, तुला माहितेय. मनावर घे."

मनावर? मी भिंतीवर घेतलंय, फ्रिजवर घेतलंय, कॅलेंडरवर घेतलंय! घरातल्या दोघी बायका माझ्या तयारीची कदर करत नाहीत. चिडून फोन ठेवला. मग अर्धा तास हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. नोंद: ०.६ किमी.

२६ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ८.

आज वेगळंच झालं.

ही बाजारात गेली होती. मी एकटा निघालो, घड्याळ लावून. शाळेच्या मागच्या रस्त्याला लागलो. मधे न थांबता नऊशे मीटर झाले तरी पत्ता लागला नाही. पहाटे शिंतोडे पडून गेले असावेत, ओल्या पानांचा वास होता. एका झाडाखाली उभा राहिलो. वरून एक पान आलं, गिरक्या घेत, मजेत, आणि माझ्या खांद्यावर बसलं. मी हललो नाही. आणखी एक आलं, ते कानावरून गेलं. किती वेळ उभा होतो कोण जाणे. ही बरोबर असती तर बरं झालं असतं, असं स्पष्ट वाटलं. मोठ्याने म्हणालोसुद्धा. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने कुत्र्याला जवळ ओढलं.

घड्याळ पाहिलं तर ते चालूच राहिलं होतं. झाडाखाली अकरा मिनिटं वाया. सरासरी वेग पार झोपला. हिला काही सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार.

ही आज दारातून विचारून गेली नाही. आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, आज चलाच, उद्यापासून जोराचा वारा सुटणार म्हणतात. काल मी एवढा चाललो होतो. बूटही समोरच होते. उठून घातले असते तर दोन मिनिटांचं काम.

पण मग तीन तारखेचं काय? इतके दिवस मोजलेल्या पानांचं काय? तक्ता आणला, तिच्या मांडीवर पसरला, रेघ अजून वर चढते आहे हे बोटाने दाखवलं. रेघेनुसार आज फक्त ब्याऐंशी टक्के.

ती म्हणाली, "पानांना तुमचा तक्ता माहीत नाही हो."

हा युक्तिवाद नव्हे. हे मी तिला सांगितलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार.

वारा. ऑफिसच्या खिडक्या दिवसभर खडखडत होत्या. समोरच्या झाडाचे पहिले चार भाग रिकामे. गळली ती मुळात कमकुवत पानं होती. राहतील ती खरी.

३० ऑक्टोबर, बुधवार.

पाचवा, सहावा आणि आठवा भाग रिकामा. तळ्याचा बेत ऑफिसभर माहीत आहे. टाचणी म्हणाली, एक दिवस रजा टाका आणि उद्याच जाऊन या दोघं. ९ नंबरचं वेळापत्रक अर्धवट टाकून? शिवाय तारीख बदलली की हिला वाटणार आपलंच खरं झालं.

तळं शहराच्या टोकाला खोलगट जागी आहे. तिथे वारा कमी लागत असणार.

२ नोव्हेंबर, शनिवार. सायं. ६.

तयारी पूर्ण. पाठीवरची बॅग: थर्मास, नकाशा, टाचेच्या पट्ट्या, शिट्टी, सुके मोजे.

फक्त एका मुद्द्यावर थोडी खडाजंगी झाली. हिचं म्हणणं, घरून चालतच जाऊ, पाऊण तास तर लागतो, आणि चालतच जायचं ठरलं होतं. मी म्हटलं, चालायचं ते तळ्याकाठी. तिथे ताजेतवाने पोचायला हवं. घरापासून दमत जाणं हा शुद्ध अपव्यय, आणि हातात अख्खी बससेवा असताना. १४ नंबर ७.१२ ला, चौकात ७.३१. तिथून ३१ सुटते ७.३५ ला. ७.४३ ला तळं. माझं स्वतःचं वेळापत्रक, दोष काढायला जागा नाही. ती काहीतरी बोलणार होती, चौकाबद्दल. मग म्हणाली, बरं, तुम्ही येताय ना, मग कसंही जाऊ.

संध्याकाळी तिने कपाटातून निळा स्कार्फ काढला, खिडकीत धरून झटकला. जिन्यात दंतवैद्यांना सांगत होती, उद्या मी नाही, उद्या आम्ही दोघं जातोय. 'आम्ही दोघं' दोनदा म्हणाली. दार अर्धं उघडं होतं म्हणून ऐकू आलं.

ही खूश आहे. मीही आहे, हे नोंदवायला हरकत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.

अहवाल.

७.१२ ची १४ नंबर ७.१२ लाच आली. मी हिच्याकडे पाहिलं, तिने मान डोलावली. खिडकीजवळ ती, शेजारी मी. तिने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून मला दिली. इथपर्यंत सगळं शंभर टक्के.

७.३१. चौकात उतरलो. समोर, रस्त्यापलीकडे, ३१ चा स्टॉप दिसत होता. तिरकं कापलं तर खरंच तीनशे मीटर. पण मधे कंबरभर उंच लोखंडी रेलिंग, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नकाशात रेलिंग दाखवत नाहीत. म्हणून उजवीकडे खाली सिग्नलपर्यंत जायचं. सिग्नल दोन, आणि पहिला हिरवा होतो तेव्हा दुसरा हटकून लाल. मग पलीकडून परत वर, आणि तो चढ आहे. नकाशात चढही दाखवत नाहीत. नकाशात तीन सेंटिमीटर.

ही सराईतासारखी पुढे निघाली होती. मी मागे. ती दर थोड्या वेळाने थांबायची. पहिल्या सिग्नलला होतो तेव्हा ३१ आली. दोन माणसं चढली. आणि ७.३५ ला, बरोबर ७.३५ ला, निघून गेली. एक सेकंद इकडे-तिकडे नाही. इतक्या वर्षांत माझी बस इतकी वक्तशीर मी प्रथमच पाहिली.

स्टॉपवर पोचलो ७.४२ ला. अकरा मिनिटं. बाकावर एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या, काठी टेकून. त्यांचीही गेली होती. मला म्हणाल्या, रोज अशीच जाते बाबा. कुणीतरी ऑफिसात बसून आखतो, त्याला पाय नसावेत बिचाऱ्याला.

मी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका शब्दाने सांगितलं नाही, की तो हाच. आजींना फक्त विचारलं, कॉफी घेणार का.

रविवारची पुढची ३१ पन्नास मिनिटांनी. तेही मीच ठरवलेलं. ही म्हणाली, इथून चालत पंचवीस मिनिटं, चला, अजून ऊन कोवळं आहे. माझ्या डाव्या टाचेने चढावरच मान टाकली होती. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. रेलिंगचा, सिग्नलचा, त्या आजींचा. म्हटलं, तू हो पुढे, मी बसने येऊन गाठतो. तिने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. निळा स्कार्फ वळणापर्यंत दिसत होता. एकदाही डावा हात कमी हलला नाही.

८.३३. तळं. वारा तिथे जास्तच लागला असावा. झाडं पार उघडी. खालची पानंही पालिकेच्या माणसांनी झाडून मोठ्या काळ्या पोत्यांत भरून ठेवली होती, बांधून, काठाने ओळीत. ही एका बाकावर बसली होती. बाकाच्या अर्ध्या भागावर. उरलेला अर्धा हाताने पुसलेला दिसत होता.

मी घड्याळ पाहिलं. परतीची बस ८.३९ ला, त्यानंतर थेट पन्नास मिनिटांनी. तिला सांगितलं, ऊठ, सहा मिनिटं आहेत.

ती म्हणाली, "तुम्ही जा. मी बसते थोडा वेळ."

बस गाठली. आरामात, दोन मिनिटं हातात ठेवून.

निष्कर्ष: तळ्यापर्यंत पोचलो. पानं गळून जायच्या आत नाही, पण पोती अजून उचललेली नव्हती. तळ्याकाठी एकत्र वेळ चार मिनिटं. तांत्रिकदृष्ट्या उद्दिष्ट पूर्ण.

ही साडेदहाला आली. स्कार्फ घडी करून कपाटात ठेवला. विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, छान होतं.

४ नोव्हेंबर, सोमवार.

चौकाची फाइल स्वतः मागून घेतली. चार मिनिटं खोडून बारा केली. रविवारी पन्नासच्या जागी वीस मिनिटांनी बस. साहेबांनी कारण विचारलं. 'प्रत्यक्ष पाहणी' लिहिलं. टाचणीने कागदाला टाचणी लावली, माझ्याकडे पाहिलं आणि फाइल स्वतः कपाटात नेऊन ठेवली.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, बरं केलंत, लोकांना सोपं जाईल. विचारलं, तुला ते रेलिंग आधीपासून माहीत होतं? म्हणाली, हो. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, बोलले होते, चार-पाच वर्षांपूर्वी. तेव्हा तुम्ही मला नकाशा दाखवला होता.

फ्रिजवरचा तक्ता काढला. फ्रिज एकदम मोठा दिसायला लागला.

७ नोव्हेंबर, गुरुवार.

आज पहाटे, आणि कालही, ही निघायच्या आधीच जाग आली. गजर न लावता. दोन्ही दिवस डोळे मिटून पडून राहिलो. प्लॅन असा काही नाही. रविवारी विचारेल तेव्हा लगेच हो म्हणायचं, एवढंच. पानं नाहीत तर नाहीत. उघडी झाडंही बघण्यासारखी असतात, सांगाडा स्पष्ट दिसतो. चालतच जायचं, घरापासून. घड्याळ घरी ठेवून.

पुढे विचारणार नाही म्हणाली होती ते बोलण्याच्या भरात. अकरा वर्षांची सवय अशी एका महिन्यात सुटते थोडीच.

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.३०.

५.४५ ला उठलो. मोजे घातले, बूट घातले, नाड्या दोनदा बांधल्या. ही आधीच उठून स्वयंपाकघरात होती, खोलीचं दार लोटलेलं होतं. दिवा न लावता पलंगाच्या कडेवर बसलो. विचारल्यावर एका क्षणात बाहेर यायचं आणि तिला चकित करायचं, असं ठरवलं होतं.

६.३५ ला हॉलमध्ये तिची चाहूल. कोटाची चेन. किल्ल्या उचलल्याचा आवाज, पण मुठीत दाबून धरलेल्या. मी श्वास रोखून बसलो. मग बाहेरचं दार, अगदी हळू. कडी वाजू नये म्हणून तिने ती बोटाने धरून सोडली. माझी झोप मोडू नये म्हणून.

विचारलं नाही.

जिन्यात पावलं ऐकू येत होती. हाक मारता आली असती. उठून खिडकीत गेलो. दंतवैद्य या आठवड्यात लेकीकडे गेलेत, ही एकटीच होती. फाटकाशी थांबून तिने स्कार्फ नीट केला. काच वर केली असती तर सहज ऐकू गेलं असतं. पण रविवारची सकाळ, लोक झोपलेले असतात. आणि नेमकं म्हणायचं काय? आजवर नेहमी तिनेच विचारलं, मी फक्त उत्तर दिलं. आज उत्तर तयार होतं.

ती गेली. मी तिथेच उभा राहिलो. फार वाईट वाटलं. दुसरं काही लिहायचं नाहीये.

८.१० ला परतली. गाल लाल, कोटाला गार हवेचा वास. मला हॉलमध्ये बूट घालून बसलेला पाहिलं आणि क्षणभर थांबली. म्हटलं, आज लवकर जाग आली. ती बरं म्हणाली. कोट खुंटीला अडकवून आत गेली, आणि आतूनच विचारलं, चहा घेणार का.

मी लगेच हो म्हणालो.